दुपारच्या झोपेची ओपीडी

भूल देणाऱ्या माणसाजवळ किस्से का साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. आमचा पेशंट झोपलेला असतो, पण त्याचे नातेवाईक टक्क जागे असतात! सर्जन हात धुऊन जेवायला निघून जातो. पोर नीट शुद्धीवर येईपर्यंत उशाशी बसायचं काम आमचं. मग शेजारी बसलेली आई, आत्या, मामा जे बोलतात ते ऐकायचं. ओसरीच्या कोनाड्यात चिमण्या एकेक काडी आणून टाकतात ना, तसं ते साठत जातं. आपण काहीच केलेलं नसतं, आणि एक दिवस बघावं तर घरटं तयार!

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. पावसानं मात्र पाठ फिरवलेली. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, गल्लीत टँकर आला की लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखी पळापळ व्हायची. मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली. गावात भूल देणाऱ्या बायका फारशा नव्हत्या, त्यामुळं माझं नाव कुणी लक्षातच ठेवलं नाही. सगळे म्हणायचे, ‘भुलीच्या बाई’.

एकदा एका म्हातारबुवांनी रस्त्यात थांबवून हात जोडले. "बाई, तुम्ही भूल देता म्हनं. मग उतरवता बी का? आमच्या थोरल्याला सासुरवाडीनं घातलीय!"

आमचा कंपू तिघांचा. डॉक्टर बिराजदार हे कान-नाक-घशाचे सर्जन. कांबळे सिस्टर. आणि मी. बिराजदार सरांकडं लहान पोरं फार यायची. टॉन्सिल सुपारीएवढे वाढलेले, नाकाच्या मागची ती ॲडेनॉइडची गाठ फुगलेली. श्वासाची वाटच बंद. पोरं तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची, मधेच श्वास अडकून दचकून उठायची, आणि दिवसभर पेंगायची. पण दवाखान्यात आणलं की हीच पोरं टुकटुक बघत बसत. आई सांगायची, "रात्री लई तरास होतो," आणि पोर समोर हसत असायचं!

सर म्हणाले, "झोपेतला आजार जाग्या पोराला बघून कसा कळणार?"

म्हणून त्यांनी दवाखान्याच्या मागच्या पडवीत दुपारची झोपेची ओपीडी सुरू केली. पोराला पोटभर जेवू घालून आणायचं आणि सतरंजीवर झोपवायचं. बस्स! सिस्टर एकेकाला थोपटायच्या. बाहेर कडुलिंबाचं झाड होतं. चैत्रात वाऱ्याबरोबर त्याचा फुलोरा पोरांच्या अंगावर पडत राहायचा. फांद्यांवर होले पक्षी घुमत असायचे. आणि त्या सगळ्या शांततेत सर स्टुलावर डोळे मिटून बसलेले, पोरांचे श्वास ऐकत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, डॉक्टरच झोपलेत!

*

रेणापूरचे एक किराणा दुकानदार चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तक्रार त्यांची नव्हतीच, बायकोची होती. हे आपले अभिमानानं सांगून राहिले, "साहेब, आमच्या घराण्यात घोरतातच. आमचे आजोबा घोरले की चोर गल्लीत शिरत नव्हते! ह्यो बी माझ्यावर गेलाय."

पोर झोपलं. घोरायला लागलं. एवढ्याशा छातीतून असा आवाज, की झाडावरचे होले गप्प झाले. वडील मिशीत हसत इकडंतिकडं बघत होते.

तेवढ्यात घोरणं थांबलं.

"बघा, आता कसा शांत झोपलाय," वडील म्हणाले.

सरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "त्याच्या छातीकडं बघा."

छाती आतल्या आत ओढली जात होती, बरगड्या मोजता याव्यात अशी. पण नाकातोंडातून वारा काही जात नव्हता. पोराच्या कपाळावर घाम आला. मग एकदम आचका देऊन त्यानं श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागलं. वडिलांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

सर हळूच म्हणाले, "हा घोरतो तेव्हा श्वास चालू असतो. घोरणं मधेच थांबतं ना, तेव्हा भ्यायचं."

दुकानदारांनी पोराच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, "आन साहेब, मग माझं?"

पदराआडून बायको पहिल्यांदाच बोलली. "तुमचं थांबतंय कधी?"

*

मास्क लावायच्या आधी मी पोरांना एक प्रश्न विचारायची, "कुठलं स्वप्न पाहिजे?" त्या मास्कच्या वासानं पोरं बिथरतात. स्वप्न निवडायच्या नादात मास्क कधी लागला ते कळत नाही. सावकाराची पोरगी असो की हमालाचं पोर, सगळे निवडायला तेवढाच वेळ घेत. कुणाला जत्रेतला पाळणा पाहिजे असायचा, कुणाला घोडा. एकाला तर मामाची नवीन फटफटी, मामाशिवाय!

त्या उन्हाळ्यात एक पाच वर्षांचा हडकुळा मुलगा टेबलावर आडवा पडला होता. मी विचारलं, "बोल, कुठलं स्वप्न पाहिजे?"

"टँकर."

"टँकर? भरलेला का रिकामा?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच लहान आहे. "भरलेला! आन माझा नंबर पयला."

"बरं. घे मोठा श्वास. आला बघ टँकर, पाइप सोडला..."

डोळे मिटले. सरांनी टॉन्सिल काढले, सगळं सुरळीत झालं. पोर हळूहळू शुद्धीवर यायला लागलं. मी गालावर टिचक्या मारत म्हटलं, "काय रे, आला का टँकर?"

त्यानं अर्धवट डोळे उघडले. घसा दुखत होता, बोलवत नव्हतं, पण डोळ्यांत राग काठोकाठ!

"आलता. तुमी लवकर उठिवलं. घागर अर्धीच भरली."

कांबळे सिस्टर तोंड फिरवून बाहेर गेल्या. हसायला गेल्या असं मला वाटलं. पण परत आल्या तेव्हा डोळे पुसून आल्या होत्या.

*

नाकामागची वाट बंद असली की एक गंमत होते. ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. सर्दी झाल्यावर आपण बोलतो तसं, पण या पोरांची सर्दी बारा महिन्यांची!

एक सहा वर्षांचा मुलगा आला. सरांनी नाव विचारलं.

"दाबदेव."

"कुठून आलास, बाळ?"

"दादेडहूद."

"आणि आईचं नाव?"

"बीराबाई!"

सगळी पडवी हसली. मीसुद्धा हसले. तो बिचारा हिरमुसला आणि आईच्या पदरात शिरला. आई मात्र शांतपणे म्हणाली, "नामदेव हाय तो. नांदेडहून आलोत. शाळंत पोरं लई चिडवतात, म्हणून आता कुणाशी बोलतच न्हाई."

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी दोघं दाखवायला आली; पुन्हा चिडवतील या भीतीनं तोवर नामदेवनं घरीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. नामदेव सरांच्या खोलीत एकटाच गेला. आई बाहेर सिस्टरशी बोलत बसली होती. आतून खणखणीत आवाज आला, "मी नामदेव. नांदेडहून आलो."

बोलण्याच्या नादात आईच्या कानावर नुसता आवाज पडला. ती म्हणाली, "कुणाचं लेकरू हो? किती गोड बोलून राहिलंय!"

 सिस्टरनी फक्त दाराचा पडदा बाजूला केला.

ती बाई उंबऱ्यातच खाली बसली. नामदेव धावत आला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मीराबाई!" आईला कुणी नावानं हाक मारतं का? पण त्याला तो शब्द नवीनच सापडला होता. दवाखान्यापासून बसस्टँडपर्यंत तो ओरडत गेला, "मीराबाई! मीराबाई!" आणि ती प्रत्येक हाकेला म्हणत गेली, "ओ! ओ!" रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. भर उन्हात ती दोघं गोलाईच्या बाजारातल्या गर्दीत दिसेनाशी झाली, तरी तो आवाज मला येतच होता.

*

जाधव कंडक्टर नांदेड-लातूर गाडीवर होते. मूळ मुखेडचे. त्यांची मुलगी छकुली आडवी झोपूच शकत नसे. आडवं केलं की श्वास अडकायचा. बसलेली असली, आणि मान कोंबडीसारखी वर ताणलेली असली, तरच तिला झोप लागायची. मग शाळेला सुट्टी लागली की जाधव तिला गाडीतच घेऊन फिरायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीला टेकून ती झोपायची. चाकं फिरू लागली की पोर डोळे मिटायची!

ड्रायव्हर होते पाशाभाई. त्यांनी हॉर्न वाजवणंच सोडलं. लोह्याला, अहमदपूरला गाडी थांबली की चढणाऱ्यांना आधीचे पॅसेंजर सांगायचे, "हळू बोला, कंडक्टरची पोर झोपलीय." कोंबड्या घेऊन चढलेल्या एका बाईनं तर कोंबड्यांवर पदर टाकला होता, अंधार वाटून गप बसाव्यात म्हणून! अख्खी एसटी कुजबुजत लातूरला यायची. बाहेर करपलेली रानं, धुरळा, आणि आत पन्नास माणसं एका पोरीची झोप सांभाळून राहिलेली.

छकुलीचं ऑपरेशन झालं. आता अडचण अशी, की टॉन्सिल काढल्यावर पोरांना बर्फ द्यायचा, गार काहीतरी द्यायचं. आणि लातूरचा बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद पडलेला. जाधव म्हणाले, "नांदेडला गोदावरी हाय. तिथून आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडला बर्फाची लादी घेतली. भुशात घातली, वर पोतं गुंडाळलं आणि छकुलीच्या सीटवर ठेवली. गाडी निघाली. उन्हानं पत्रा नुसता पोळत होता. लोह्यापर्यंत लोकांनी दम धरला. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जाधव, नुसता हात लावू का?"

एकानं लावला, मग दुसऱ्यानं. ओल्या पोत्याला हात लावायचा आणि डोळ्यांवरून फिरवायचा, देवाच्या पायाला हात लावल्यासारखा. एका बाईनं तान्ह्या बाळाचे तळपाय टेकवले. कुणीही कुणाला ढकललं नाही. चाकूर येईपर्यंत पोत्यात एका नारळाएवढाच बर्फ उरला होता.

दवाखान्यात जाधव ओशाळून उभे. "डॉक्टरसाहेब, लोकांना नाय म्हणवंना."

सरांनी तो तुकडा फोडून वाटीत घातला. छकुलीनं जिभेवर खडा ठेवला आणि डोळे मिटले. मग त्या संध्याकाळी ती उशीवर डोकं ठेवून आडवी झोपली, सरळ, माणसासारखी.

महिन्याभरानं पाशाभाई तक्रार घेऊन आले. "डॉक्टरसाब, पोरगी तो अच्छी हो गयी. लेकिन अब हॉर्न बजाने को मेरा हाथच नै उठता! परसों एक म्हैस सामने आ गयी, मैं उसको हळूच बोला, बाजू हो गं माय!"

*

मुखेडकडचे एक मास्तर. वर्गात सारख्या झोपणाऱ्या एका मुलाला त्यांनी स्वतः आणलं होतं. भला माणूस. इतरांनी ‘कुंभकर्ण’ म्हणून सोडून दिलेलं पोर, यांनी मात्र ओळखलं की काहीतरी दुखणं आहे. ऑपरेशनला संमती देण्यासाठी बापाला तयार केलं, रात्रभर गाडीभाड्याची जुळवाजुळव करून दोघांना लातूरला आणलं.

दिवाळीनंतर मास्तर पुन्हा आले. एकटेच. आम्हाला वाटलं आभार मानायला.

"पोर कसंय?" सरांनी विचारलं.

"जागं हाय," मास्तर म्हणाले.

"मग?"

"दिवसभर जागं हाय, साहेब! वर्गाच्या पत्र्यावर चढतंय. घंटेचा टोल लपवून ठेवला. परवा माझ्याच धोतराचा सोगा बाकाला बांधला." मास्तर खुर्चीत पुढं सरकले, आवाज बारीक केला. "एक इचारू का? दोन्ही टॉन्सिल नको. एखादा परत बसवता येईल का?"

*

किसनराव भोकरकडचे. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. वेताच्या खुर्च्या विणायचं काम करायचे. बोटं अशी चालायची की बघत राहावं. नवीन जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या झाल्या आणि सगळ्या साहेबांना बसायला खुर्च्या लागल्या. त्या कामासाठी किसनराव लातूरला आले. बायको गावाकडं रोजगार हमीवर खडी फोडत होती. बरोबर पाच वर्षांची पारू. तिचं बोट धरून ते कुठंही जात.

सरांना ते म्हणाले, "साहेब, हिचा आवाज मधी मधी तुटतो."

बाकीचे आईबाप घोरण्याची तक्रार करत. तुटलेल्या आवाजाची तक्रार करणारे हे पहिलेच. पारू झोपली की ते तिच्या पोटावर हात ठेवून पडायचे. घोरणं चालू असेपर्यंत त्यांना डुलकी लागायची. थांबलं की खाडकन जाग यायची आणि ते तिला हलवायचे. पारू जन्मल्यापासून हा माणूस सलग झोपलाच नव्हता.

"ती घोरती तवर मला कळतं, पोर हाय म्हणून," ते म्हणाले.

खरं सांगते, पारूला भूल देताना मी घाबरले होते. काडीसारखं पोर, छातीत खळगा पडलेला. आता असतात तशी यंत्रं तेव्हा आमच्याकडं नव्हती. एक बोट नाडीवर, नजर ओठांच्या रंगावर आणि हातात ती काळी रबरी पिशवी, जी श्वासाबरोबर फुगते आणि मिटते. एवढाच भरवसा. मास्क लावला, पारू झोपली आणि तिचा घसा मिटला. पिशवी हातात दगडासारखी झाली. दाबून दाबेना. ओठ जांभळे पडायला लागले. सरांनी पलीकडून तिचा जबडा पुढं ओढून धरला, मी नळी घातली. पिशवी हलकेच दबली. पारूची छाती वर आली.  दाराबाहेर किसनराव कान लावून उभे आहेत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

टॉन्सिल निघाले, गाठ निघाली. दुपारी पारूला पडवीत झोपवलं. आणि ती झोपली! तोंड मिटलेलं, श्वास नाकानं, लिंबाची सावली गालावर हलत होती. पाण्यावर पान तरंगावं तशी झोप. आम्ही उभे राहून बघतच राहिलो.

किसनरावांनी चाचपडत विचारलं, "बाई, पोर कुठाय?"

"इथंच आहे. तुमच्या मांडीला लागून."

"न्हाई. आवाज न्हाई."

मी त्यांचा हात तिच्या पोटावर ठेवला. पोट वरखाली होत होतं. त्यांनी हात काढला आणि लगेच पुन्हा ठेवला. दिवसभर हेच. दुसऱ्या दिवशीही तेच. डोळ्याला डोळा नाही. 

सर त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "किसनराव, हे चांगलं आहे. असंच झोपायला पाहिजे पोरानं. आता श्वास अडत नाही. तुम्ही झोपा."

"कळतंय, साहेब," किसनराव म्हणाले. "पर कानाला कळंना."

घरी सोडायच्या दिवशी दुपारी सर आणि मी आत चहा घेत होतो. पडवीतून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र...

सरांनी कप खाली ठेवला. "पारू?"

आम्ही दोघं धावलो. घशात सूज आली असेल, रक्त साकळलं असेल, दारापर्यंत जाईस्तोवर माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. दारात कांबळे सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी हात आडवा केला आणि नुसतं आत बघायला खुणावलं.

सतरंजीवर किसनराव उताणे झोपले होते. गाढ! पोरीच्या पोटावरचा हात निसटून जमिनीवर पडलेला, तळवा उघडा. आणि त्यांच्या उशाशी, मांडी घालून, डोळे टक्क उघडे ठेवून पारू बसली होती. घोरत होती. घर्रर्र... घर्रर्र... प्रत्येक वेळी आवंढा गिळताना तिचा चेहरा कळवळून वाकडा व्हायचा. पण आवाज कुठं तुटत नव्हता.

सर वाकून तिच्या कानाशी कुजबुजले, "पारू, घसा दुखंल गं बाळा."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"दुखू द्या. आबा आत्ताच झोपलेत."

आणि पुन्हा सुरू केलं.